एम्पथी स्कोअर ४१

आमच्या कॉल सेंटरमध्ये कॉल संपला की स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात एक आकडा यायचा. हिरवा, पिवळा नाहीतर लाल. साधारण दीड वर्षापूर्वी सुरू झालं हे. कंपनीचं नाव घेणार नाहीये, अजून तिथंच आहे आणि फ्लॅटचे हप्तेही आहेत. पुण्यात खराडीला ऑफिस, हेल्थ इन्शुरन्सचा प्रोसेस, मराठी-हिंदी क्यू, म्हणजे त्या दोन भाषांतले कॉल. मला नववं वर्ष चालू आहे, म्हणजे फ्लोअरवरची म्हातारीच.

काम काय असतं ते आधी सांगते. आम्हाला फोन करणारी माणसं बहुतेक वेळा हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर उभी असतात. पेशंटची सलाईन काढलेली, कपडे बदललेले, खाली रिक्षावाला थांबलेला आणि अप्रूव्हल काही येत नाहीये. २०२४ च्या मे महिन्यात आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, सर्क्युलर काढलं की कॅशलेसची परवानगी एका तासात आणि डिस्चार्जची फायनल तीन तासांत द्यायची. लोकांना ते तोंडपाठ झालंय, तीन तासांवर पाच मिनिटं झाली की फोन, आणि बरोबरच आहे त्यांचं. दुसरे असतात ते पैसे कापले गेलेले. पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा पाच हजार आणि घेतली आठ हजारांची रूम, तर नुसते वरचे तीन हजार कापत नाहीत, डॉक्टरच्या फीपासून बऱ्याच गोष्टी त्याच हिशोबात कापल्या जातात, आता हे चिडलेल्या माणसाला फोनवर समजावून दाखवा. आणि तिसरे म्हणजे ज्यांचा माणूस गेलाय ते.

पूर्वी ह्या सगळ्याच्या मधेमधे सोपे कॉल असायचे. ई-कार्ड पाठवा, आमच्याकडे नेटवर्कमधलं हॉस्पिटल कुठलं, क्लेम कुठवर आलाय. दीड मिनिटात संपायचे, लोक थँक्यू म्हणायचे. तेव्हा आम्ही त्यांना बोअर म्हणायचो पण तेच कॉल म्हणजे श्वास होता, हे कळलं ते गेल्यावर. कारण आधी बॉट, म्हणजे आपोआप उत्तरं देणारं मशीन, आला आणि सोपे कॉल सगळे त्याच्याकडे गेले. बॉटला जमत नाही ते आमच्याकडे, म्हणजे आमच्यापर्यंत येणारा माणूस आधी बॉटशी चार मिनिटं भांडून आलेला असतो. सकाळी लॉगिन केल्यापासून संध्याकाळपर्यंत एकामागोमाग एक गरम कॉल आणि एएचटीचं, म्हणजे एका कॉलला सरासरी किती वेळ घ्यायचा त्याचं, टार्गेट मात्र जुनंच, सोपे कॉल धरून काढलेलं. ह्या मुद्द्यावर मी टीएलशी, म्हणजे टीम लीडरशी, किती वेळा बोलले असेन, तो मान हलवतो. चांगला माणूस आहे, मान हलवण्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही.

मग आला तो स्कोअरवाला टूल. कॉन्फरन्स रूममध्ये अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग, समोसे, आणि सांगणारा म्हणाला की हे तुमच्यावर नजर ठेवायला नाही, तुमच्या मदतीला आहे. त्याआधी क्यूएवाले, म्हणजे कॉलची क्वालिटी तपासणारे, महिन्यातून चार-पाच कॉल ऐकायचे, आता मशीन प्रत्येक कॉल ऐकणार. आवाजाची पट्टी, बोलण्याचा वेग, मध्ये किती शांतता, कुठले शब्द आले, कुठले नाही आले, ह्या सगळ्यावरून एक एम्पथी स्कोअर, म्हणजे समोरच्याला किती समजून घेतलं त्याचा आकडा. शंभरपैकी. सत्तरच्या खाली लाल. कॉल चालू असतानाही उजवीकडे पॅनेल, त्यात क्लॉज दाखवणार, काय बोलायचं ते सुचवणार, आणि तुमचा आवाज चढला तर एक छोटा कॉफीचा कप लुकलुकणार. कप! म्हणजे शांत व्हा. प्रत्यक्षात कॉफी प्यायला जायचं तर ब्रेकची मिनिटं मोजूनच.

पॅनेलबद्दल वाईट बोलणार नाही, ते खोटं होईल. आमच्या बॅचला नांदेडचा एक पोरगा नवीन आला होता, बावीस वर्षांचा. आम्ही नवीन होतो तेव्हा पहिल्या महिन्यात निम्मी बॅच वॉशरूममध्ये जाऊन रडायची, मी पण रडलेय. हा पोरगा रडला नाही. कोणी वेटिंग पिरियडवरून, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीला काही आजारांचा क्लेम मिळत नाही त्या काळावरून, ओरडायला लागला की पॅनेल त्याला बरोबर ओळ काढून द्यायचं आणि तो ती वाचायचा, आणि समोरचा गप्प व्हायचा. दुसऱ्या महिन्यात तो माझ्याएवढे कॉल काढत होता. नंतर वाचलं की स्टॅनफर्ड आणि एमआयटीच्या लोकांनी २०२३ साली ह्याच गोष्टीवर पेपर काढलाय, कस्टमर सपोर्टची ५,१७९ माणसं, आणि एआयच्या सूचना मिळाल्यावर तासाला सुटणारे प्रश्न सरासरी १४ टक्क्यांनी वाढले, नवख्यांचे ३४ टक्क्यांनी, आणि मुरलेल्यांचे जवळजवळ काहीच नाही. आणि त्यांचं म्हणणं असं की टूल मुळात चांगल्या, मुरलेल्या एजंटांच्या बोलण्यावरून शिकतं आणि ते नवख्यांना देतं. हे वाचून मी मोबाईल खाली ठेवला आणि जरा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. म्हणजे पोरगा जी ओळ वाचतो ती कुणाची? आमच्याकडच्या टूलचं आतलं मला माहीत नाही, पण "आधी पेशंट कसा आहे ते सांगा, मग पैशाचं बघू" हे वाक्य त्याच्या पॅनेलवर आलेलं मी स्वतः बघितलंय आणि हे वाक्य मी २०१७ पासून बोलतेय.

आणि मला मात्र ४१.

त्या कॉलचं सांगते. परभणीकडच्या एक बाई होत्या, साठीच्या पुढच्या असतील. नवरा आयसीयूत अकरा दिवस होता आणि गेला. क्लेमची कागदपत्रं कुठं पाठवायची एवढंच विचारायला फोन केला होता, आणि मृत्यू दाखल्याचं नाव निघालं तशा थांबल्या. रडत होत्या असं पण नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. मी थांबले. मधे मधे "हं" म्हणत होते. मग त्या म्हणाल्या, हे असले कागदबिगद तेच बघायचे. मी म्हटलं, असू द्या काकू, सावकाश घ्या, मी आहे लाईनवर. पुढं सगळं एकेक करून लिहून दिलं त्यांना, दोनदा वाचून घेतलं. ठेवताना म्हणाल्या, सुखी राहा बाई.

कॉल संपला आणि लाल. डेड एअर, म्हणजे कॉलमधली शांतता, ४७ सेकंद. एम्पथी स्टेटमेंट नाही. अनप्रोफेशनल संबोधन, म्हणजे "काकू". एएचटी जास्त. ४१.

एम्पथी स्टेटमेंट म्हणजे त्यांच्या यादीतली वाक्यं. इंग्रजी यादी कुणीतरी मराठीत करून ठेवलेली. "तुमची निराशा मी समजू शकते." "आपल्या झालेल्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे." आता तुम्ही सांगा, नवरा गेलेल्या बाईला मी गैरसोयीबद्दल खेद आहे म्हणू? आपल्याकडे कुणाच्या घरी असं काही झालं तर आपण जाऊन बसतो, बोलत नाही, फार तर पाठीवर हात. फोनवर पाठीवर हात ठेवायचा म्हणजे ते "हं"च असतं. पण मशीनच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये "हं" नसतोच, ते गाळून टाकतं, तिथं नुसती शांतता दिसते.

मी त्या दिवशी कुणाला काही बोलले नाही. पुढचा कॉल घेतला आणि पहिल्या वीस सेकंदात "तुमची निराशा मी समजू शकते" बोलून टाकलं. आला ८३. हिरवा.

खरं नुकसान सुरू झालं ते हिरव्यापासून असं आता वाटतं. लालचा राग येतो आणि जातो. हिरवा आला की बरं वाटायचं आणि त्या बरं वाटण्याची मला लाज वाटायची, कारण त्या माणसाचं काम झालेलंच नव्हतं, त्याला मी गोड बोलून परत पाठवलं होतं. नऊ वर्षांत एक गोष्ट माझी मला पक्की कळायची की हा कॉल चांगला झाला, हा नाही झाला, फोन ठेवल्यावर छातीत कळतं ते. तेच कळेनासं झालं. कॉल संपला की मी माझ्याकडे बघायच्या ऐवजी कोपऱ्यात बघायची.

मग हळूहळू शरीरानं सुरुवात केली. सकाळी उठलं की जबडा दुखायचा, डेंटिस्ट म्हणाला रात्री दात खाताय. वीक ऑफ संपायच्या रात्री पोटात गोळा. आईचा लातूरहून फोन आला की मी नीट बोलायची आणि शेवटी "अजून काही मदत करू शकते का" म्हणून मोकळी झाले एकदा. आई म्हणाली, मदत काय करायलीस बाई, चार दिस येऊन जा की. हसले तिथल्या तिथं. ठेवल्यावर मात्र नवऱ्यानं विचारलं तू आईशी बोलत होतीस की कस्टमरशी, आणि मला त्याच्यावर एवढा राग आला की मी जेवलेच नाही. रागावताना सुद्धा मनात चाललेलं की आवाज चढतोय, आवाज चढतोय. घरात तो कप लुकलुकत नव्हता तरी मला दिसत होता.

एका रात्री अडीचला झोप लागेना म्हणून १४४१६ लावला. टेलि-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे, फुकट आणि चोवीस तास. मराठी निवडली. पलीकडे एक बाई होत्या, आवाज थकलेला होता थोडा, नाईट शिफ्टचा आवाज मला लगेच ओळखू येतो. मी सांगायला लागले आणि एका ठिकाणी अडकले, बोलताच येईना. त्या काही बोलल्या नाहीत. थांबल्या. आणि मी, खरंच सांगते, मनात सेकंद मोजत होते. बारा, तेरा, चौदा, ह्यांचा डेड एअर जाणार आता. एकतीसपर्यंत मोजलं आणि मग मला जे रडू फुटलं ते बरंच वेळ. त्या एवढंच म्हणाल्या, "घ्या वेळ." त्यांनी मला पुढं कुणाला भेटता येईल ते सांगितलं, मी दोनदा गेले पण काउन्सेलरकडे, त्याचा उपयोग झाला, पण ते एकतीस सेकंद मला जास्त लक्षात आहेत.

त्यानंतर मी वही घातली. साधी दोनशे पानी. ज्या कॉलला मशीन एक म्हणतं आणि मला वेगळं वाटतं त्याची तारीख, कॉल आयडी, स्कोअर, मशीननं काय टॅग लावला, प्रत्यक्षात काय झालं. घरी न्यायची नाही, ड्रॉवरमध्येच, कस्टमरचं नाव नंबर काही लिहायचं नाही. ट्रेनिंगला येणाऱ्या सगळ्यांना मी आता हे सांगते, भांडायचं असेल तर "मला वाईट वाटलं" घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा.

वहीत गमतीही जमल्या. कोल्हापूरच्या एका काकांचं तीन दिवस अडकलेलं अप्रूव्हल मी काढून दिलं, ते खूश होऊन ओरडले, "नाद खुळा काम केलंस ताई!" मशीन म्हणालं कस्टमर निगेटिव्ह. खुळा आहे ना त्यात. विदर्भातले लोक मुळातच मोकळ्या, मोठ्या आवाजात बोलतात, ते सगळे चिडलेले. एक गृहस्थ अगदी हळू, पुणेरी शुद्ध भाषेत माझी अक्कल काढत होते दहा मिनिटं, ते समाधानी.

स्कोअरवर डिस्प्यूट, म्हणजे हरकत, टाकायला ४८ तास मिळतात. मी टाकत गेले. क्यूएच्या मुलानं माझ्याबरोबर बसून परभणीच्या काकूंचा कॉल पूर्ण ऐकला आणि हेडफोन काढून म्हणाला, ताई, कॉल मस्तच आहे, पण स्कोअर मला बदलता येत नाही, ओव्हरराईडला क्लायंटची, म्हणजे आपण ज्यांच्यासाठी कॉल घेतो त्या कंपनीची, परवानगी लागते. म्हणजे माणसानं ऐकलं, माणसाला पटलं, आणि तरी ४१. आधी मशीन एक मत देणार आणि माणूस ठरवणार असं सांगितलं होतं समोसे खाताना. टीएलला मी हेही सांगितलं की युरोपियन युनियनमध्ये २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आवाजावरून, चेहऱ्यावरून कामगारांच्या भावना ओळखायला बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेचं कारण असेल तरच चालतं. तो म्हणाला, आपण खराडीत आहोत. मान हलवली.

मधे एक दिवस टूल बंद पडला. दुपारी दोन तास, सर्व्हरचं काहीतरी. फोन चालू, पॅनेल काळं, कोपरा रिकामा. पहिली दहा मिनिटं सगळे एकमेकांकडे बघत होते आणि मग फ्लोअरचा आवाजच बदलला. आधी सगळीकडून एकसारखी "समजू शकते, समजू शकते" ऐकू यायची, तिथं आता कुणी "अहो मामा ऐका तर" म्हणतंय, कुणी चक्क कस्टमरबरोबर हसतंय, एक जण हिंदीत तावातावानं हॉस्पिटलला झापतोय पेशंटच्या वतीनं. मी त्या दोन तासांत किती कॉल घेतले मोजले नाहीत, थकले पण नाही. आणि तेवढ्यात बाजूला बघितलं तर नांदेडचा पोरगा म्यूट दाबून बसलेला, पांढराफटक. पॅनेल नाही तर मला काय बोलायचं कळंना गेलं ताई, म्हणाला. सहा महिने झाले होते त्याला तोवर. मी त्याचा कॉल माझ्याकडे घेतला. नंतर चहाला गेलो तेव्हा त्याला म्हटलं तुला माहीत असतं रे सगळं, तर म्हणाला मला माहीत आहे की नाही हेच मला माहीत नाही. मला वाटायचं मी एकटीच हरवत चाललेय, ह्याला तर सापडायच्या आधीच हरवून दिलेलं. त्यानं तीन महिन्यांनी सोडलं, आता गावाकडे मेडिकल दुकानात आहे, मेसेज करतो अधूनमधून.

वहीत साठ-पासष्ट कॉल झाले तेव्हा क्लायंटची माणसं व्हिजिटला आली होती, टीएलनं मला पंधरा मिनिटं मिळवून दिली, हे त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. मी भाषण नाही केलं. चार कॉल लावले आणि त्यांना म्हटलं तुम्ही आधी आकडा द्या, मग मशीनचा बघू. त्यातल्या एक मॅडम मराठी होत्या, नाशिकच्या. परभणीच्या कॉलला त्यांनी ९० दिला.

फार काही क्रांती झाली नाही. मराठी क्यूसाठी काका-काकू-दादा-ताई अनप्रोफेशनलच्या यादीतून काढले. मृत्यूच्या क्लेमच्या कॉलला डेड एअर मोजत नाहीत. स्कोअर आता लगेच दिसत नाही, आठवड्याला एकदा येतो, आणि फक्त ह्या एका गोष्टीनं माझा जबडा दुखायचा जवळजवळ थांबला. कप अजून आहे. एएचटी तेच आहे. बॉट अजून सोपे कॉल खातोच आहे. इन्क्रीमेंटच्या कागदावर एम्पथीचा कॉलम आहे तो आहेच.

आणि मला आठवड्यातले दोन दिवस फोनवरून काढून दुसऱ्या खोलीत बसवलं. मराठी कॉल ऐकायचे आणि भावना टॅग करायच्या, म्हणजे मशीनला नीट मराठी कळेल. नवरा चेष्टेत म्हणतो, त्याच्या जागी मी असतो तर माझी बायको मला म्हणाली असती, नको म्हण, पण मी हो म्हटलं. फोन नाही, दोन दिवस शांत असतात, आणि मी नाही केलं तर दुसरं कुणी ती यादी घेऊन बसणार. पुढं ह्याच शिकवणीवर बॉट अवघड कॉल पण घेईल का, हा विचार येतो. येतो आणि मी पुढची क्लिप लावते.

क्लिप अर्ध्या मिनिटाच्या असतात, नाव नंबर बीप केलेला, आणि खाली पाच पर्याय. शांत, चिडलेला, दुःखी, समाधानी, तटस्थ. नाहीतर स्किप, पण स्किपला कारण द्यावं लागतं आणि दिवसाला दहाचीच लिमिट.

मागच्या गुरुवारी एक जुनी क्लिप आली. तारीख नसते पण मागं सारखा ॲम्ब्युलन्सचा आवाज आणि घरातल्या कुकरची शिट्टी, म्हणजे २०२१ चा एप्रिल, आम्ही घरून कॉल घेत होतो तेव्हाचा. एक माणूस विचारतोय बेड मिळाला तर कॅशलेस होईल ना, मिळाला तर. आणि एक बाई उत्तर देतेय, अगदी सपाट आवाजात, होईल दादा, आधी बेड बघा, मिळाला की मला सांगा. ती बाई मी होते. सपाट का ते मला आठवतं, त्याच दिवशी सकाळी माझ्या मामाला बेड मिळाला नव्हता. हे मशीनला कुठल्या पर्यायात सांगू कळेना. तटस्थवर कर्सर नेला आणि काढला. तीनदा ऐकली क्लिप. मग स्किप केली, कारण विचारलं तिथं "ऑडिओ अस्पष्ट" निवडलं. ऑडिओ स्पष्ट होता.

त्या दिवशीचे नऊ स्किप अजून शिल्लक होते.